धारूर तालुका: अभ्यासिका, तलावातला गाळ आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या. पैसा कुठून, कागद कोणते?

बालाघाट_पायथा

नमस्कार मंडळी. गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. युवक मंडळाला तीन कामं हाती घ्यायची आहेत.

१) ४० जणांची अभ्यासिका. ग्रामपंचायतीचं समाजमंदिर रिकामं पडलंय. वीज आहे, पण संध्याकाळची जाते.
२) पाझर तलाव गाळाने भरलाय. पुढच्या उन्हाळ्यात उपसायचा.
३) आठवीपासून पदवीपर्यंतच्या लेकरांना शिष्यवृत्त्या. कोणाला कोणती लागू, तेच कळंना. पोरं रोज विचारायलेत.

मंडळाची नोंदणी १९९८ ची. कागदावर पदाधिकारी अजून तेव्हाचेच, ऑडिट कधी दिलेलं नाही. काही जण म्हणायलेत नवी संस्था काढा, लगेच सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायचा पैसा) मिळतो. एक एजंट म्हणतो, ‘पन्नास लाखांचा प्रकल्प मंजूर करून देतो, फाइलचे पंचवीस हजार आधी द्या.’ नेमकं कुठून सुरू करावं?

शिष्यवृत्ती_टेबल

तिसऱ्यापासून. त्याला संस्था लागत नाही, ठराव लागत नाही, आणि त्याच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

एक वही करा. प्रत्येक लेकरापुढे इयत्ता किंवा अभ्यासक्रम, प्रवर्ग, शाळा अनुदानित की विनाअनुदानित, आईवडिलांचं काम, आणि आधारला जोडलेला मोबाइल सध्या कोणाच्या खिशात आहे, एवढं लिहा. शेवटचा रकाना फालतू वाटेल, पण ऊसतोडीच्या गावात अर्ज तिथंच अडकतो. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) अर्ज ऐन हंगामात चालू असतात. ओटीपी बापाच्या फोनवर, बाप कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडात, फोन बंद. टोळी हलायच्या आधी लेकराच्या आधारला त्याच्याच जवळ राहणारा नंबर जोडून घ्या. उत्पन्नाचा दाखलाही त्याच आठवड्यात काढा, कारण तलाठ्याच्या अहवालासाठी घरचं माणूस समोर लागतं. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, हेही वहीत लिहून ठेवा.

आता कोणाला काय.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध, दहावीनंतर: भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. यात केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात महाविद्यालयाची फीसुद्धा असते. घरच्यांना वाटतं सगळी रक्कम आपली. ती खर्च झाली की महाविद्यालय निकाल किंवा टीसी अडवतं आणि भांडण लागतं. पैसे आले की फीचा भाग सात दिवसांत भरून पावती घ्यायची, हे आधीच समजावून सांगा.

शासकीय वसतिगृहाला अर्ज करूनही नंबर लागला नाही, तर याच मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी मुलांना ‘स्वयम्’ आणि इतर मागास, भटक्या-विमुक्तांना ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ याच धर्तीवर आहेत. दोन गोष्टींवर अर्ज उडतो: वसतिगृहाचा अर्जच केलेला नसतो, किंवा विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी निघतो.

खुला, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल): राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. मुलांना निम्मं शिक्षण शुल्क. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, ही माफी ओबीसी मुलींनाही आहे. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. ‘फेरीची वाट कशाला बघता, संस्थास्तरावर सीट देतो’ असं कोणी म्हणालं तर ती सीट घेतली त्याच क्षणी ही सवलत गेली. या योजनेसोबत डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा मागता येतो, दोन्ही एकत्र चालतात. बरेच जण दुसरा अर्ज करतच नाहीत.

बाप किंवा आई बांधकाम कामगार मंडळात नोंदलेली असेल तर पहिल्या दोन अपत्यांना शैक्षणिक मदत आहे, शाळेपासून वैद्यकीयपर्यंत. नोंदणीचं नूतनीकरण चालू लागतं आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’: वर्षाला ५० हजार, उत्पन्न आठ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असणाऱ्यांना केंद्राची योजना: पदवीची तीन वर्षं १२ हजार, पुढे २० हजार, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. या दोन्ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नाहीत. एकाच शिक्षणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येतात का, हे त्या-त्या योजनेच्या अटीत बघूनच दुसरा अर्ज करा. नंतर वसुली निघते.

पैसे मंजूर होऊन न येण्याचं सगळ्यात मोठं कारण बँक. पासबुकाला आधार ‘लिंक’ असणं वेगळं, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) यादीत सरकारी पैसे घेणारं खातं म्हणून ते ‘सीड’ असणं वेगळं. सरकारी रक्कम सीड असलेल्या एकाच खात्यात जाते. नवं सिम घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं की सीडिंग तिकडं सरकतं आणि पोरगं जुन्या बँकेत खेटे घालत राहतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

अर्ज भरला म्हणजे झालं, असंही नाही. तो महाविद्यालयाचा लिपिक, प्राचार्य, मग समाजकल्याण किंवा सहसंचालक कार्यालय असा सरकतो. मध्येच ‘सेंड बॅक’ होतो आणि ते लॉगिन केल्याशिवाय कळत नाही. दर पंधरा दिवसांनी वहीतल्या सगळ्यांची स्थिती एकाच माणसाने बघायची.

झेडपी_गुरुजी

टेबलवाल्या सरांनी आठवीचं माझ्यासाठी सोडलंय असं दिसतं. एनएमएमएस, म्हणजे केंद्राची आर्थिक दुर्बल मुलांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती: परीक्षा आठवीत, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच. मानसिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, प्रत्येकी ९० मिनिटं. नापास होणारी मुलं बहुतेक मानसिक क्षमतेत जातात, म्हणून जूनपासून रोज वीस प्रश्न सोडवून घ्या. शालेय विषय वर्गात होतातच.

पण निवड झालेल्यांचेही पैसे बुडतात, ते नूतनीकरणात. आठवी गावात, नववी दुसऱ्या हायस्कूलला. त्या हायस्कूलच्या नोडल शिक्षकाचं पोर्टलवर प्रमाणीकरण झालेलं नसेल तर मुलाचा अर्ज पुढे जातच नाही. प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांना विचारा. दहावीला ६० टक्के पडले नाहीत तर अकरावीपासून बंद, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. आणि अकरावीला लातूर-नांदेडला जाणाऱ्यांनी महाविद्यालय अनुदानित आहे का, हे फी भरायच्या आधी विचारायचं. क्लासच्या नादात हे राहून जातं.

गुणवत्ता यादीत नंबर न लागलेल्या, पण परीक्षा पात्र असलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी या राज्याच्या संस्थेची ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. दहावी झालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना महाज्योती ही राज्याची संस्था जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण टॅबसह मोफत देते.

जात पडताळणीचं काम अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालानंतर नाही. रहिवासाचा पुरावा अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. आपल्याकडं जुना कागद निजामाच्या अमलातला, उर्दूत किंवा मोडीत. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा खासरा पाहणी सापडली तरी अधिकृत भाषांतराशिवाय समिती ती घेत नाही, आणि भाषांतराला वेळ लागतो.

शिवाय ज्या घरी लेकरं मागं राहतात तिथं हंगामी वसतिगृहाचा (ऊसतोडीच्या काळापुरती गावातच लेकरांची सोय) सर्व्हे टोळ्या जायच्या आधी होतो. शाळा व्यवस्थापन समितीने नावं तेव्हाच दिली पाहिजेत. संत भगवानबाबा वसतिगृहासाठी आईवडिलांची ऊसतोड कामगार म्हणून ग्रामपंचायतीत नोंद लागते, तीही करून घ्या.

ताळेबंद_लातूर

एजंटला रामराम करा. कोणतीही कंपनी किंवा सरकारी खातं फाइलचे पैसे आगाऊ घेत नाही. ‘प्रकल्प मंजूर होईल, मग चाळीस टक्के रोखीने परत द्या’ हा याच धंद्याचा पुढचा अंक असतो, आणि त्यात सह्या तुमच्या असतात.

नवी संस्था काढून लगेच सीएसआर मिळत नाही. कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्याआधी १२ए, ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सूट देणारी) नोंदणी, मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ अर्ज, त्यावर पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणीकरण. १२ए आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांची, आणि काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीचा अर्ज टाकावा लागतो. तो चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. परदेशी देणगीचं तर नावच काढू नका: तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च, ही तिथली पहिली पायरी.

१९९८ चं मंडळ मोडीत काढू नका. नोंदणी क्रमांक ‘एफ’चा (म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंद) असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यावर आज कायद्याने विश्वस्त कोण, ते कळेल. जे वारले, ज्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी नवे घेतल्याचे बदल अर्ज सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली द्यावे लागतील. मुदत बदलापासून ९० दिवसांची, म्हणून उशीर माफीचा अर्ज सोबत. मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, ठराव आणि नव्या माणसांची संमतिपत्रं जोडा. सभेची नोटीस मंडळाच्या घटनेत लिहिलेल्या दिवसांइतकी आधी निघाली नसेल तर कोणीही एक जण हरकत घेऊन अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू शकतो. घटना आधी वाचा.

हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद आणि सहा महिन्यांत लेखापरीक्षण, म्हणजे ३० सप्टेंबर. व्यवहार शून्य असला तरी शून्याचा ताळेबंद दाखल करायचा असतो. जुनी वर्षं एकदम करून टाका. दरम्यान एनजीओ दर्पण या केंद्राच्या संस्था-नोंदणी पोर्टलवर नोंद करा, बहुतेक सरकारी अनुदानांना तो क्रमांक लागतो. ८०जीची पावती देताना लक्षात ठेवा, दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सूट मिळत नाही.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं पैसा मंडळाच्या खात्यात घेऊच नका. अभ्यासिका ग्रामपंचायतीच्या नावाने, तलाव अनुभवी संस्थेच्या हाताने. मंडळाने फक्त कागद सांभाळायचे.

बालाघाट_पायथा

एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. परिशिष्ट एकचा उतारा सोमवारी मागतो. दोन शंका: पैसा ग्रामपंचायतीकडं जाणार असेल तर कंपनी देईल का? आणि तलावाला संस्था कुठून आणायची?

पाणलोट_परळी

तलावाचं सांगतो. आधी तलाव कोणाचा ते बघा. पाझर तलाव जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे असतो, किंवा राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तिथंच पडून राहतो.

योजना ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला यंत्र आणि इंधनापोटी घनमीटरला ३१ रुपये. गाळ नेणाऱ्या अल्प आणि अत्यल्प भूधारकाला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांच्या आणि अडीच एकरांच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. अर्ज देताना त्या वर्षीचा शासन निर्णय बघा, दर त्यातला धरायचा.

गणित करा. दहा हजार घनमीटर उपसा म्हणजे यंत्राचे तीन लाख दहा हजार. एकरी १५ हजारांत साधारण ४२० घनमीटर बसतात. ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणजे एकरी दीडशे ब्रास, शेतात चार इंचांचा थर. मुरमाड रानाला तो सोनं आहे. आधीच खोल काळी असलेल्या रानात टाकू नका, पाणी धरून बसेल. गाळाची माती परीक्षणात क्षारांची तपासणी करून घ्या, पावती फाइलला लावा.

भांडण होतं मोजणीत. शेतकरी ट्रॉल्या मोजतो, अभियंता खड्डा. उपसलेला गाळ मोकळा होऊन फुगतो, त्यामुळं ट्रॉल्यांची बेरीज खड्ड्यापेक्षा नेहमी जास्त भरते. देयक खड्ड्याच्या मापावर निघतं, हे पोकलेन यायच्या आधी चावडीवर सांगून ठेवा. उपसा सुरू होण्यापूर्वीच्या लेव्हल (तळाच्या उंचीची मापं) घेतल्याच नाहीत तर मापच राहत नाही आणि देयक बुडतं. स्थळ-वेळ दिसणारे आधीचे, चालू कामाचे आणि नंतरचे फोटो रोजच्या रोज चढवायचे.

मुरूम लागला की थांबायचं. मुरूम आणि वाळू गौण खनिज, ट्रॉली रस्त्यावर धरली की दंड तहसीलचा. भिंतीच्या पायथ्याशी अभियंत्याने आखून दिलेलं अंतर सोडायचं, तिथं खोदलं तर तलाव गळतो.

संस्था तुमचीच पाहिजे असं नाही. अंबाजोगाईची मानवलोक, भारतीय जैन संघटना यांच्यासारख्या पाण्यात काम केलेल्या संस्थेला ग्रामसभेचा ठराव आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची गट नंबरसह सह्यांची यादी नेऊन द्या. यादी तयार असलेल्या गावाला मशीन आधी मिळतं, कारण उचल झाली नाही तर पोकलेन उभं राहतं. काम एप्रिल-मेचं, पण मागणी डिसेंबरात गेली पाहिजे. सुदैवाने टोळ्याही मार्च-एप्रिलात परततात, ट्रॅक्टर तेव्हा गावातच असतात.

प्रस्ताव_संभाजीनगर

कंपनीचं असं आहे. निव्वळ नफा पाच कोटी झाला की सीएसआर लागू (नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल हजार कोटी हेही निकष आहेत). रक्कम तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. म्हणजे पाच कोटीवाल्याचे वर्षाला दहा लाख. आणि ज्यांचा सीएसआर ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी समिती लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. सगळे संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या मोठ्या कंपन्यांच्या दारात रांग लावतात, तिथं तीन लाखांची अभ्यासिका कोणी वाचत नाही. जालन्यातली मधली रोलिंग मिल, बियाण्यांची कंपनी, लातूरची तेल-डाळ मिल, तिथं संचालकालाच भेटता येतं. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात किती दिले, ते राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसतं. बीड जिल्हा निवडून बघा.

कंपनीने पैसे ग्रामपंचायतीला द्यायलाच हवेत असंही नाही. ती स्वतः काम करून देऊ शकते: फर्निचरवाल्याचं बिल थेट कंपनीच्या नावाने, वस्तू समाजमंदिरात, ग्रामपंचायतीचं पोहोच पत्र आणि डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला नोंद. कंपनीला हेच सोयीचं वाटतं, पैसा कुठं गेला ते दिसतं.

प्रस्ताव चार पानांचा. गावात सध्या किती मुलं कुठं अभ्यास करतात, समाजमंदिराचं माप आणि फोटो, प्रत्येक वस्तूची तीन कोटेशनं, आणि पुढच्या तीन वर्षांचं वीजबिल, झाडलोट, दुरुस्ती कोण करणार. नकार बहुतेक या शेवटच्या मुद्द्यावर येतो. ‘लोकवर्गणीतून’ एवढं लिहून भागत नाही. महिन्याला माणशी किती, हिशेब कोण ठेवणार, ते लिहा. आणखी एक, वर्गणी मंडळाच्या नावाने गोळा करू नका, कागद दुरुस्त होईपर्यंत पावती ग्रामपंचायतीची फाडा.

४० जागांना प्रत्येकी तीन बाय दोन फुटांचं टेबल धरलं तर वाटेसकट नऊशे चौरस फूट लागतील. समाजमंदिर सहाशेचं असेल तर २६ जागाच लिहा. पाहणीला येणारा माणूस टेप घेऊन येतो.

विजेचं गणितही द्या. २० वॉटच्या १२ ट्यूब २४० वॉट, बीएलडीसी (कमी विजेचे) पंखे ३० वॉटचे आठ, आणखी २४०, वर राउटर. पाचशे वॉट धरा. चार तासांना दोन युनिट. बॅटरीतली ८० टक्केच वीज वापरायची आणि इन्व्हर्टरची घट १५ टक्के धरली तर तीन युनिटची साठवण लागते, म्हणजे १५० एएचच्या दोन बॅटऱ्या, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. साधे ७५ वॉटचे पंखे घेतले तर त्याच दोन बॅटऱ्यांत तीन तासही निघत नाहीत. असं लिहिलं की दर कमी करा म्हणून कोणी मागे लागत नाही.

वेळ: एप्रिल ते जूनमध्ये वर्षाची कामं ठरतात, तेव्हा भेटा. दुसरी संधी जानेवारी-फेब्रुवारीत, खर्च न झालेली रक्कम ३१ मार्चच्या आत संपवायची असते. त्या वेळी वस्तू खरेदीचा प्रस्ताव कोटेशनसकट तयार असेल तर आठवड्यात होतो, बांधकामाचा होत नाही.

बालाघाट_पायथा

समाजमंदिर मोजलं, ६४० चौरस फूट भरलं. २८ जागा धरतो. ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहून घ्यायचं?

ताळेबंद_लातूर

समाजमंदिर ‘मंडळाला दिलं’ असं चुकूनही लिहू नका. असं लिहा: ‘नमुना ८ (ग्रामपंचायतीची मालमत्ता नोंदवही) मधील मालमत्ता क्रमांक अमुक, क्षेत्रफळ ६४० चौ. फूट, या ग्रामपंचायत मालकीच्या इमारतीत सार्वजनिक अभ्यासिका चालवण्यात येईल. इमारत व सर्व साहित्याची मालकी ग्रामपंचायतीची राहील. दैनंदिन व्यवस्था सात जणांची समिती पाहील, पैकी तीन महिला. वीजबिल ग्रामपंचायत स्वनिधीतून भरेल. प्रवेश गावातील सर्व जातिधर्माच्या मुलामुलींना खुला राहील. साहित्य स्वीकारणे, पोहोच देणे व नोंद घेणे याचे अधिकार ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना राहतील.’ सूचक, अनुमोदक, हजेरीच्या सह्या. वस्तीत अनुसूचित जातीची लोकसंख्या असेल तर स्वनिधीतल्या १५ टक्के मागासवर्गीय निधीतून काही टेबलं घेण्याचा वेगळा ठराव त्याच सभेत मांडा, एकाच ठरावात दोन्ही कोंबू नका. विषय अजेंड्यावर यायला हवा, म्हणून सरपंचांना लेखी पत्र द्या आणि दुय्यम प्रतीवर पोहोच घ्या. ठरावाच्या चार साक्षांकित प्रती लगेच काढून ठेवा.